नॅडीनने पोरीचं नाव आधी लिहिलं

नॅडीन ह्रोबाकवरून आमच्या गावात आजही दोन तट आहेत. मी कुठल्या तटात आहे ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की ऑगीनं लपवलं. मी तिच्या बाजूचा. शाळेच्या बसगाड्यांच्या गॅरेजात मी सव्वीस वर्षं मेकॅनिक होतो आणि त्यातली बावीस वर्षं ती चौदा नंबरची गाडी चालवत होती. ब्रेकचा आवाज बदलला तर कानाला समजायचं तिच्या. गाडी आत आणली की खाली उतरून सरळ म्हणायची, "ऑगी, डावं मागचं. आणि 'बघतो' म्हणू नकोस, बघ."

बाई बुटकी, खांद्यानं रुंद. वडील कोळशाच्या खाणीत होते, नवरा एमिल रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायचा. दोघांच्याही घरात कॉलेजात कुणी गेलेलं नव्हतं.

एकदा तिच्या गाडीत मोठ्या पोरांनी पहिलीतल्या एका मुलीची टोपी काढून घेतली आणि टोपी हवी तर भुंकून दाखव म्हणाले. मुलगी भुंकली. सगळी गाडी हसली. नॅडीननं चर्चच्या बाजूला गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि किल्ली स्वेटरच्या खिशात टाकली. "टोपी डोक्यावर जाऊन बसेपर्यंत आणि माफी मागून होईपर्यंत आपण इथेच," म्हणाली. चाळीस मिनिटं गाडी हलली नाही. आईबापांचे फोनवर फोन. दुसऱ्या दिवशी शाळांच्या साहेबांनी तिला बोलावून झापलं. ती म्हणाली, "साहेब, हे मला लेखी द्या. की पोरीला भुंकू द्यायचं आणि वेळेवर पोचायचं." त्यांनी लेखी काही दिलं नाही.

तर अशी ही बाई. तिची एकच मुलगी, कोरिन. हुशार, बोलकी, आईसारखीच हट्टी. दोन तासांवरच्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला तेव्हा नॅडीननं गॅरेजात सगळ्यांना अक्रोडाचा रोल वाटला आणि एमिलनं आपल्या ओढगाडीच्या काचेवर कॉलेजचं नाव चिकटवलं.

पहिल्या वर्षीच्या जानेवारीत कोरिननं फोन करून सांगितलं की तिला एका सोरोरिटीत घेताहेत.

"म्हणजे काय गं?" नॅडीननं विचारलं.

"आई, मुलींचं मंडळ असतं. मोठं घर असतं, दारावर ग्रीक अक्षरं. एकदा आत गेलं की सगळ्या जन्मभराच्या बहिणी. नोकरीला वगैरे ओळखी लागतात, त्या इथूनच होतात."

"आणि आत जायला काय करावं लागतं?"

"पंधरा आठवडे शिकावं लागतं. नियम, इतिहास, असं. तू काळजी करू नकोस."

नॅडीनला आनंदच झाला, हे ती स्वतः कबूल करते. एकुलती एक पोर, तिला आयत्या चाळीस बहिणी मिळतात म्हटल्यावर कुणाला वाईट वाटेल? तिनं दोन डबे बिस्किटं पाठवली. त्यानंतर मात्र फोन कमी झाले. फोन केला तर उचलायची नाही, उलटा निरोप यायचा, 'कामात आहे'. आवाज ऐकायला मिळाला तर झोपेतून उठल्यासारखा. मी म्हटलं, "अगं, अभ्यास असेल." नॅडीन म्हणाली, "अभ्यास केल्यावर माणूस थकतं. घाबरत नाही."

ईस्टरला कोरिन घरी आली. सकाळी नाश्त्याला खुर्चीवर बसताना तिनं टेबलाचा आधार घेतला. नॅडीननं ते पाहिलं. गरम दिवस होता तरी पोरगी जाड पँट घालून. दुपारी ती न्हाणीघरातून बाहेर येताना आई दारातच उभी.

"गुडघे दाखव."

"आई, काहीतरीच काय!"

"कोरिन. दाखव."

दोन्ही गुडघ्यांवर गोल गोल खपल्या, नाण्याएवढ्या, ओळीनं.

"पडले," कोरिन म्हणाली.

"दोन्हीवर सारखीच पडलीस?"

मग हळूहळू निघालं. बाटल्यांची झाकणं जमिनीवर उलटी पसरायची, त्यावर नव्या मुलींनी गुडघे टेकायचे आणि मंडळ काढणाऱ्या बायकांची नावं क्रमानं म्हणायची. चुकलं की पहिल्यापासून. कच्चा कांदा खायचा. मोठ्या मुली बोलावतील तेव्हा त्यांना गाडीनं न्यायचं-आणायचं. जेवताना बसायचं नाही. आणि हे कुणाला सांगायचं नाही, कारण सांगणारी बाहेर, आणि तिच्याबरोबरच्या सगळ्या पहिल्यापासून.

नॅडीननं गाडीची किल्ली उचलली.

"आई, तू तिथे गेलीस ना, तर मी तुझ्याशी परत बोलणार नाही. देवाशपथ." कोरिन रडत नव्हती, हे नॅडीनला जास्त लागलं. "तीन आठवडे राहिलेत फक्त. मी सहन केलंय ना? मग तुला काय होतंय? तुला नाही कळणार, तू कधी कॉलेजात गेली नाहीस."

ते शेवटचं वाक्य वर्मी बसलं. नॅडीननं किल्ली खाली ठेवली. आयुष्यात एवढी एकच वेळ ती गप्प बसली, आणि तिला विचाराल तर सगळं पुढचं त्या तीन आठवड्यांच्या माथी मारते. मला म्हणाली होती, "परक्याच्या पोरीसाठी मी गाडी थांबवली, ऑगी. आपल्या पोरीच्या वेळी घाबरले. कशाला? तर ती मला अडाणी म्हणेल म्हणून."

कोरिनला मंडळात घेतलं. मे महिन्यात छातीवर मंडळाची सोनेरी पिन लावून, हसत घरी आली. खपल्या गेल्या होत्या. एमिल म्हणाला, "बघ, झालं ना सगळं नीट?" गावातही लोक म्हणाले, पोरगी किती सुधारली, काय ऐटीत चालते.

ऑक्टोबरात त्या घरी पालकांना जेवायला बोलावलं. हे पुढचं मला आधी एमिलनं सांगितलं, मग नॅडीननं त्यातल्या त्याच्या चुका काढल्या, म्हणून पक्कं सांगतो. हिरवळीवर लांब टेबलं, पांढऱ्या चादरी, भाजलेलं कोंबडीचं मांस, सफरचंदाचा गरम रस. आईबाप बसलेले, जुन्या मुली बसलेल्या. आणि अकरा नव्या मुली, पांढरे स्वेटर घालून, वाढत होत्या. वाढून झालं तरी बसल्या नाहीत. भिंतीला पाठ लावून, हातात रिकामी बशी घेऊन, नजर खाली.

नॅडीनच्या शेजारी मार्गरीट ड्युबो नावाची बाई बसली होती. दातांच्या दवाखान्यात काम करणारी, एकटीनं मुलगी वाढवलेली. तिची हॉलिस त्या अकरांपैकी एक.

"तुम्ही कोरिनच्या आई ना?" मार्गरीटनं नॅडीनचा हात हातात घेतला. "अहो, किती बरं वाटलं भेटून! नव्या मुलींचं सगळं तुमची कोरिनच बघते यंदा. हॉलिस म्हणते, कोरिन सांगेल तसंच आम्ही करतो."

नॅडीननं टेबलाच्या टोकाला बघितलं. तिथे कोरिन बसली होती, पाठ ताठ, पिन चमकते आहे. नॅडीननं काटा खाली ठेवला आणि भिंतीपाशी उभ्या हॉलिसला हाक मारली.

"बाळ, ये, बस इथे. आईजवळ बस. जेवलीस का?"

हॉलिस आपल्या आईकडे बघेल असं वाटलं होतं. ती कोरिनकडे बघत होती. आणि कोरिननं मान हलवली. अगदी थोडीशी, डावीकडे, उजवीकडे.

नॅडीन उठली. बशी उचलली. टेबलाला वळसा घालून भिंतीपाशी गेली आणि हॉलिसच्या शेजारी पाठ लावून उभी राहिली.

"आई, काय करतेयस?" कोरिन धावत आली. आवाज दबका. "बस ना खाली. सगळे बघताहेत."

"बघू देत. ह्या बसल्या की मीही बसते."

"ही पद्धत आहे इथली."

"तुझी पद्धत मी बघितलीय, ईस्टरला, न्हाणीघराच्या दारात. ह्यांना तू झाकणांवर टेकवतेस का, कोरिन?"

"आई, इथे नको. प्लीज."

"इथेच. घरी बोलायचं होतं तेव्हा मी गप्प बसले, ती माझी चूक."

मंडळाच्या जुन्या सदस्य, लॅथ्रॉपबाई, हसतमुखानं आल्या. गळ्यात मोती, आवाजात साखर. "मिसेस ह्रोबाक, आपण आत बसून निवांत बोलू या का? ह्या परंपरा बाहेरच्या माणसाला जरा विचित्र वाटतात, मला कल्पना आहे."

"मी उभ्यानं निवांत आहे," नॅडीन म्हणाली.

एक बाप कुणाला तरी म्हणाला, ही बाई कोण आहे, बसची ड्रायव्हर आहे म्हणे. नॅडीननं ते ऐकलं आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "हो. बावन्न मुलं रोज घरी पोचवते, जशी घेतली तशी. तुमची कुठली ह्यातली?"

मग मार्गरीट उठली. ती आली आणि लेकीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. "हॉलिस," ती म्हणाली, "ह्या म्हणतात ते खरं आहे का?" हॉलिसच्या हातातली बशी खाली पडली. तिनं तोंडावर हात दाबून मार्गरीटच्या खांद्यात डोकं खुपसलं, आणि ज्यांना समजायचं त्यांना समजलं. आणखी दोन आया उठल्या. बाकीचे जेवले.

घरी येताना गाडीत एमिल एवढंच म्हणाला, "तू आपल्याच पोरीला चारचौघांत उघडं पाडलंस." नॅडीन म्हणाली, "हो."

त्या आठवड्यात तिनं तक्रार लिहिली. हातानं, शाळेच्या रेघी कागदावर. कॉलेजच्या डीनबाईंना भेटायला गेली तेव्हा मी बरोबर होतो, कारण तिची गाडी माझ्याकडे उघडून पडली होती. डीनबाई वाईट नव्हत्या. कागद वाचून त्यांनी चष्मा काढला.

"मिसेस ह्रोबाक, तुम्हाला कल्पना आहे ना, की ह्यात पहिलं नाव तुमच्या मुलीचं आहे?"

"मीच लिहिलंय."

"चौकशी झाली तर शिक्षा तिला होईल. वर्षभरासाठी काढूनही टाकतील. तुम्ही तक्रार बिननावाची केलीत, तर आम्ही मंडळाला समज देऊ. मुलींचं नुकसान होणार नाही."

"कुठल्या मुलींचं?"

डीनबाईंनी कागद उलटा करून ठेवला.

"समज गेल्या वर्षीही दिली असेल," नॅडीन म्हणाली. "त्याच्या आदल्या वर्षीही. आणि माझी पोर झाकणांवर टेकली. मी दुसऱ्यांच्या मुलींची नावं लिहून स्वतःची वगळली, तर माझ्यात आणि त्या मोत्यांच्या माळवालीत फरक काय राहिला? नाव राहू द्या. स्पेलिंग नीट बघून घ्या, दोन आर आहेत."

परतताना पेट्रोलपंपावर मी कॉफी आणून दिली, ती तिनं तशीच गार होऊ दिली. मी न बघितल्यासारखं केलं.

चौकशी झाली. हॉलिस बोलली, तिच्यामागे आणखी सहा जणी बोलल्या. ते घर पाच वर्षांसाठी बंद झालं. कोरिनला वर्षभर काढून टाकलं. तिनं आईला एकच ओळ पाठवली: 'तुला हवं ते मिळालं.' घरी आलीच नाही. सरोवराकाठी ईरीला मावशीकडे राहिली आणि एका बेकरीत कामाला लागली.

गावाला विषय मिळाला. वाणसामानाच्या दुकानात एका बाईनं नॅडीनला तोंडावर विचारलं, "पोटच्या पोरीचं असं वाटोळं करवतं तरी कसं गं?" नॅडीन म्हणाली, "तिला ते करताना मी बघत बसले असते तर जास्त वाटोळं झालं असतं. सरक, मला दूध घ्यायचंय." चर्चमध्ये तिच्या बाकावर जागा रिकाम्या राहायला लागल्या. गॅरेजातले दोघे ड्रायव्हर तिच्याशी बोलेनात. मी त्यांच्या गाड्यांची कामं नंतर करायला लागलो. चूक असेल माझी.

एमिल दर महिन्याला ईरीला जायचा. नॅडीन कोबी-नूडल्सचा डबा करून द्यायची. कुणी केलाय ते एमिलनं सांगायचं नाही, असं ठरलेलं. जसं काही कोरिनला आईच्या हातची चव कळत नव्हती. परत आला की नॅडीन दारातच.

"डबा?"

"रिकामा दिला."

"धुऊन?"

"धुऊन."

"मग ठीक आहे," म्हणून ती आत जायची.

पण बाई घरात बसून राहिली नाही. ऑगस्टमध्ये आमच्या हायस्कुलात, कॉलेजला निघालेल्या मुलांच्या आईबापांची सभा असते. वसतिगृहात काय न्यावं, कपडे कसे धुवावेत, असली माहिती. नॅडीननं तिथे दहा मिनिटं मागितली. मुख्याध्यापक म्हणाले, "नॅडीन, आनंदाचा प्रसंग आहे, लोकांना उगाच घाबरवू नकोस." ती म्हणाली, "घाबरवतच नाहीये. शहाणं करतेय. माइक नसेल तर बिनमाइकचं बोलते, मागच्या सीटपर्यंत पोचतो माझा आवाज."

आणि बोलली. म्हणाली, पोरांना 'मजेत आहेस ना' विचारू नका, ती हो म्हणणारच. झोपतोस किती, जेवतोस कुणाबरोबर, बसून जेवतोस की उभ्यानं, हे विचारा. 'सांगायचं नाही' असं कुणी सांगितलंय का, ते विचारा. तुमची पोर मार खाते का एवढंच बघू नका, मारते का तेही बघा. तिथे एक बाप उठला. "स्वतःच्या मुलीची गोष्ट अशी चव्हाट्यावर सांगताना लाज नाही वाटत?"

"वाटते," नॅडीन म्हणाली. "दर वेळी वाटते. तुम्हाला वाटायची वेळ येऊ नये म्हणून सांगते."

तो माणूस खाली बसला. सभा संपल्यावर पाच-सहा आया तिच्याभोवती उभ्या होत्या. त्यानंतर दर ऑगस्टला ती बोलते, आजूबाजूच्या गावांतही बोलावतात. सगळीकडे नाही.

कोरिन दीड वर्षांनी आली. शनिवार होता, मी ह्रोबाकांकडे स्वयंपाकघरातला पाइप बदलायला गेलो होतो, म्हणून समोरच घडलं. ती मागच्या दारानं आली, कोट न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली. वाळली होती. मी हातोडी घेऊन बाहेर निघालो तर म्हणाली, "थांब ऑगीकाका, तुला सगळं माहीतच आहे."

मग आईला म्हणाली, "मी तुला माफ केलेलं नाही."

"नको करूस," नॅडीन म्हणाली.

"तू मला आधी एकटीला विचारू शकली असतीस. त्या दिवशी सगळ्यांसमोर... मला आजही स्वप्न पडतं."

"बोलायला हवं होतं. एप्रिलातच. तेवढं माझं चुकलं, ते मी मान्य करते. बाकीचं नाही."

कोरिननं टेबलावरची मीठदाणी सरळ करून ठेवली. "मी झाकणं वापरत नव्हते," ती म्हणाली. "मी त्यांना कार्पेटवर टेकवायची. मला वाटायचं मी चांगली आहे. आमच्यापेक्षा ह्यांना किती सोपं, असं वाटायचं. आणि त्यांनी आभार मानावेत असंही वाटायचं, आई. खरंच वाटायचं."

"किती वेळ?"

"तास. कधी दोन."

नॅडीननं काहीच समजूत घातली नाही. दुसरी कुठलीही आई म्हणाली असती, जाऊ दे बाळा, तू लहान होतीस. तिनं विचारलं, "त्यांना हे सांगितलंस?"

"अकरा पत्रं लिहिली. चौघींची उत्तरं आली. हॉलिसनं लिहिलंय, परत लिहू नकोस."

"मग लिहू नकोस."

मग कोरिननं कोट काढला. त्या दिवशी तिघं टेबलाशी बसून जेवली. मला आग्रह झाला, पण मी गेलो. त्यानंतर तिनं आमच्या जवळच्या छोट्या कॉलेजातून पदवी पुरी केली. आता जिल्ह्याच्या लॅबमध्ये नदीचं पाणी तपासते. आईशी महिन्यातून दोनदा कडाडून भांडते. माफीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, मी विचारलेलं नाही.

पाच वर्षं सरली आणि यंदा ते घर पुन्हा उघडलं. भिंतींना नवा रंग, दारावर तीच अक्षरं. पालकांच्या जेवणाला येऊ का, असं नॅडीननं रीतसर पत्र लिहून विचारलं. लॅथ्रॉपबाईंचं उत्तर आलं की कार्यक्रम फक्त निमंत्रितांसाठी आहे. कोरिन म्हणाली, "आई, आता पुरे. मी त्यातून बाहेर आले, तूही ये." नॅडीन म्हणाली, "तू येऊ नकोस. तुझा संबंध नाही." आणि घडीची खुर्ची, थर्मास आणि हॅमचं सँडविच घेऊन ती निघाली. मी गाडी चालवली, कारण आता तिला लांब चालवताना पाठ दुखते.

हिरवळीसमोरच्या फुटपाथवर तिनं खुर्ची मांडली. पाच मिनिटांत मार्गरीट ड्युबो आपली खुर्ची घेऊन आली. दोघींचं फोनवर ठरलं होतं. तासाभरानं कॉलेजचा एक तरुण पोलीस आला, अवघडलेला.

"बाई, आतून तक्रार आली आहे. तुम्ही इथे काय करताय?"

"बसलोय," नॅडीन म्हणाली. "फुटपाथ सरकारी आहे ना?"

"आहे."

"मग आत बघून ये. नव्या मुली बसल्यात की उभ्या आहेत? तेवढं बघून सांग, आम्ही जातो."

पोलीस टोपी सारखी करत आत गेला. बऱ्याच वेळानं बाहेर आला आणि म्हणाला, "बसल्यात. मी मोजल्या. चौदा."

"खात आहेत?"

"खात आहेत, बाई."

"बरं," नॅडीन म्हणाली, आणि थर्मासचं झाकण उघडून मार्गरीटच्या कपात कॉफी ओतली. "आपण बघतोय म्हणून आत्ता बसवलंय, पाठ फिरली की उभ्या करतील. आपण तीनपर्यंत थांबू."